हाकेला ओ

आमच्या आंबेकोंडात शिमग्याची पालखी कुणाच्या दारी अशीच जात नाही. आधी हाक जाते. हाकेचा मानकरी पितळी वळ्यांची काठी घेऊन पालखीच्या पुढे निघतो, पुढच्या घराच्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, उभा राहतो आणि घरधन्याला हाक मारतो. आतून "ओ" आली की तो काठी वर करतो आणि पालखी त्या अंगणात वळते. ओ आली नाही तर पालखी सरळ पुढे. या हाकेत काका, मामा, दादा काही चालत नाही. घरधन्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव, बस्स. देवीच्या पुढे सगळे सारखे, असं आबा सांगायचे. एरवी हेच गाव कोण कुणापेक्षा मोठा यावरून वर्षभर भांडत असतं, पण शिमग्यात नाही.

हाकेचा मान आमच्या घराचा. आधी आजोबांचा, मग माझ्या आबांचा. आबांचं नाव केरू. त्यांनी खालच्या वाडीत हाक मारली की वरच्या वाडीतली कुत्री उठायची. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता डावा पाय ओढत चालतात, आणि आवाज पडवीतून स्वयंपाकघरात पोचेल एवढाच उरलाय. मला भाऊ नाही. मग भावकीने ठरवून टाकलं की काठी आता जानूकाकाच्या घरी जाणार. जानूकाका आबांचा चुलतभाऊ. त्याला ऋत्विक आहे, म्हणजे पुढचीही सोय आहे. हे सगळं मी समोर बसलेली असताना ठरलं, जसं काही मी खुर्चीची उशी आहे.

माझं नाव शमिका. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझा छोटा गाळा आहे, तिथे बसून मी लोकांच्या वेबसाइट बनवते. गणपतीपुळ्याच्या खोल्या, पूर्णगडच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फ, कुणाचं काजूचं दुकान, जे येईल ते. आणि मला राग लवकर येतो, हेही सांगून ठेवते, म्हणजे पुढे आश्चर्य नको.

त्या बैठकीत मी उठून म्हटलं, "हाक मी पोचवीन. फोनवर. गावातल्या प्रत्येक घरात."

लोक हसले, पण गावाचे प्रमुख, गावकार, हसले नाहीत. दरवर्षी त्यांच्या डोक्याला हाच ताप असतो. पालखी कधी कुठे असेल याचा नेम नसतो, मुंबईची माणसं दिवसभर ओटी भरून बसतात, आणि नेमकी कुणीतरी लांज्याला गेलं की पालखी दारावरून जाते. मग वर्षभर रुसवे. गावकारांनी विचार केला आणि निवाडा दिला. पालखी सहाणेवरून, म्हणजे ती जिथे बसते त्या चौथऱ्यावरून, उठायच्या आत माझी हाक सगळ्या घरांत गेली आणि सगळ्यांची ओ परत आली, तर मान केरूच्या घरी. एक जरी घर राहिलं, तर काठी जानूच्या घरी जाईल, आणि पुन्हा मागायची नाही.

घरी आल्यावर आबांनी काठी कोपऱ्यातून काढली, खोबरेल लावून वळी चमकवली आणि परत कोपऱ्यात ठेवली. ती काठी त्या कोपऱ्यातून गेली असती तर माझे आबा वर्षभरही टिकले नसते, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

मी साइट बनवली, आणि चांगली बनवली. प्रत्येक घराला त्याचं पान. पानावर पालखी कुठे आहे ते दिसतं, आपली पाळी कधी ते दिसतं, आणि खाली एक मोठं केशरी बटण: "ओ". ते दाबलं की सहाणेवरच्या पडद्यावर त्या घराचा ठिपका हिरवा होतो. घरी बसून पन्नास वेळा चालवून पाहिलं. सर्व्हरवर चढवलं, तिथेही चालवून पाहिलं. झकास चाललं. शिमग्याच्या दिवशी सकाळी सहाणेवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी अख्ख्या गावाला हाक सोडली, तेव्हा माझ्या मनात शंकेचा कणसुद्धा नव्हता.

पहिला फोन सगुणाकाकूचा. वरच्या वाडीतलं शेवटचं घर तिचं.

"अगो शमे, ओ दाबलाय तर कायतरी इंग्रजी आलंन."

"काय आलंय ते वाच ना काकू."

"मला काय वाचाय येतंय? थांब, ईशाला बोलावत्ये."

ईशा तिची नात, मुंबईच्या शाळेत जाते. तिने खणखणीत आवाजात वाचलं, "परमिशन डिनाइड."

"म्हंजे काय गो?" मागून काकूचा आवाज.

"परवानगी नाही," ईशाने सांगितलं.

काकूने फोन जवळ घेतला. मग एकदम हळू, घाबऱ्या आवाजात म्हणाली, "देवी नको म्हनत्ये?"

मी "नाही गो काकू, तसं काही नाही" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. वरच्या वाडीतून खालच्या वाडीत बातमी यायला आमच्याकडे इंटरनेट लागत नाही. ढोलवाले होळीच्या राखेपाशी ढोल तापवत होते, त्यांच्यातच कुजबुज सुरू झाली. देवीने परवानगी नाकारली. बाईमाणसाने हाक घातली, देवीला चाललं नाही. सहाणेवर गुरव पालखीत रूपी, म्हणजे देवीचा मुखवटा, बसवत होता, त्याचेही हात थांबले.

जानूकाका आलाच. नवं धोतर, डोक्याला फेटा. काठी घ्यायच्या तयारीनेच निघालेला.

"काय गो, देवी नाय म्हनत्ये ना?"

"देवी नाही काका. लिनक्स म्हणतंय."

"तो कोन?"

"सर्व्हरवरचा खोत," मी म्हटलं. "त्याच्या हुकमाशिवाय तिथे पान हलत नाही. बसा, पाणी प्या."

काका बसला नाही. ऋत्विक मात्र खुर्ची ओढून माझ्या शेजारी टेकला. तो मुंबईत कंपनीत कामाला आहे, शिमग्याला आला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगा वाईट नाही. काठीची हौस त्याच्या बापाला, त्याला स्वतःला सुट्टीत झोपायची हौस. त्याने पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, सरळ सातशे सत्त्याहत्तर मार ना. सगळ्यांना सगळं उघडं. दोन दिवसांचं तर काम आहे."

"तुझ्या कंपनीत असंच करता वाटतं?"

"साहेब मानगुटीवर बसला की करतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आता हे जरा सांगायला हवं. सर्व्हर ज्याच्यावर चालतो त्या लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, मालकाच्या जोडीला एक गट असतो, आणि उरलेलं सगळं जग असतं. वाचायचं कुणी, लिहायचं कुणी आणि फोल्डर असेल तर त्यातून आत जायचं कुणी, हे तिघांसाठी वेगवेगळं ठरवता येतं. घरधनी, भावकी आणि गाव. मला हे शिकायला कॉलेजात अर्धा तास लागला नव्हता, कारण जन्मापासून मी हेच बघत आले. सातशे सत्त्याहत्तर म्हणजे या तिघांनाही सगळी मोकळीक. देव्हाऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळी दारं उघडी टाकून बाजाराला जायचं.

आणि आमच्या त्या सर्व्हरवर गावच्या मुंबई मंडळाची जुनी साइटही राहते. तिच्यात मागे कुणीतरी बाहेरून शिरून देवीच्या फोटोखाली केस उगवायच्या तेलाची जाहिरात लावली होती. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं कुणी मोठा देणगीदार आहे, त्यांनी आभार मानले. अशा शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून मी पालखीची पाळी उघड्यावर ठेवू? उद्या कुणी घरांचा क्रम फिरवला तर गावात डोकी फुटतील आणि खापर माझ्यावर.

"नाही मारणार," मी म्हटलं. "कुठे अडलंय ते शोधणार आणि तेवढंच दार उघडणार."

"पालखी उठायची वेळ होत आली, ताई."

"मग बोलू नकोस. पाणी आण."

दुरुस्तीची माझी एक रीत आहे. आधी चिडायचं नाही, आधी विचारायचं. कोण आलं होतं, कुठल्या दाराशी अडलं, आणि ते दार कुणाचं. एरवी चिडायला मी एका पायावर तयार असते, पण सर्व्हरवर चिडून उपयोग होत नाही. तो ऐकत नाही.

कोण आलं होतं, हे नोंदी उघडल्यावर लगेच दिसलं. साइट चालवायला मी सर्व्हरवर एक वेगळं खातं ठेवलं होतं, नाव "हाक". शेतावरच्या गड्यासारखं. त्याने सांगितलं तेवढं काम करायचं, घरात इतरत्र फिरायचं नाही. लोक ओ दाबत होते, निरोप घेऊन हा गडी जात होता आणि अडत होता. अडत कशाशी होता? पाळीच्या फाइलीशी. त्या फाइलीत सगळी घरं आणि त्यांच्या ओ लिहिल्या जातात. फाइलीवर पाहिलं तर गड्याला वाचायची परवानगी होती, लिहायची नव्हती.

"हात्तिच्या," मी म्हटलं, आणि ती देऊन टाकली. सगुणाकाकूला फोन लावला. "दाब गो काकू."

"नको बाय. देवी नको म्हनत्ये तर मी कशाला दाबू?"

"काकू, देवीला मी सांभाळते. तू दाब."

तिने दाबलं. ईशाने पुन्हा त्याच खणखणीत आवाजात वाचलं. परमिशन डिनाइड. आणि फोन काकूने आपल्या ओटीवरच्या बायकांसमोर स्पीकरवर ठेवला होता.

"दोनदा," सहाणेवर माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. "देवीनं दोनदा सांगितलान."

जानूकाकाने फेटा नीट केला. खरं सांगते, माझ्या कानशिलांत आग भडकली. आबा मंडपाच्या खांबाशी खुर्चीत बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी. ते माझ्याकडे बघत नव्हते, वळ्यांवरून अंगठा फिरवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि राग गिळला. हे मला येतं. मी रोज हेच करते आणि लोक मला याचेच पैसे देतात. देवीच्या तोंडी माझी चूक घालू देणार नाही, असं मी स्वतःला ठणकावलं.

फाइल उघडी असून गडी पोचत नाही, म्हणजे तो फाइलीपर्यंत जातच नसणार. देव्हाऱ्यातल्या देवाला हात लावायची मुभा आहे, पण माणूस अंगणातच अडवलाय. मग देव्हारा उघडा असून काय फायदा? पहिल्या फोल्डरपासून फाइलीपर्यंतची सगळी दारं एकाखाली एक दाखवणारी एक कमांड आहे. ती चालवली. पहिलं दार उघडं. दुसरं उघडं. तिसऱ्याला कुलूप.

तिसऱ्या दारावर मालकाचं नाव होतं "केरू".

मी बघतच राहिले. सर्व्हर घेताना खात्याचं नाव विचारलं होतं, आणि मी विचारही न करता आबांचं नाव टाकलं होतं. आमच्याकडे सगळं त्यांच्याच नावावर असतं. घर, गॅस, विजेचं बिल, माझ्या गाळ्याचा करारसुद्धा, कारण गाळामालकाला वडलांची सही हवी होती. बोट आपोआप तिकडेच गेलं. साइटची पानं मी चव्हाट्यावर, सार्वजनिक जागेत ठेवली होती, पण पाळीचं फोल्डर मात्र केरूच्या घरात, कारण मान घरचा. आणि केरूचं घर, लिनक्सच्या रीतीप्रमाणे, केरूशिवाय सगळ्यांना बंद.

मग मी चालवून पाहिलं तेव्हा कसं चाललं? तेही कळलं, आणि मला हसू आलं. मी केरू म्हणून आत बसून चालवलं होतं. आबांच्या नावाने गेले की मला सगळी दारं उघडतात, घरात, बँकेत, बैठकीत, सगळीकडेच. त्यात मला कधी काही वेगळं वाटलंच नव्हतं. दुसऱ्या कुणी जाऊन पाहिलं तेव्हा कुलूप दिसलं.

"काय झालं?" ऋत्विकने विचारलं.

"आबांच्या घरात ठेवलंय सगळं. बाहेर काढते."

पाळीचं फोल्डर उचललं आणि चव्हाट्यावर, साइटच्या शेजारी नेऊन ठेवलं. आता मधे कुणाचं घर नाही. काकूला फोन.

"दाबत नाय," काकू म्हणाली.

"काकू, तुझ्या घरी पालखी यायला हवी की नको?"

तिने दाबलं. ईशाने वाचलं. मी लॅपटॉप आपटणार होते, ऋत्विकने तो वरच्या वर धरला.

"तीनदा," माझ्या मागचा तोच आवाज म्हणाला. गावकार सहाणेच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. ते चांगले आहेत, पण वेळ म्हणजे वेळ. "शमिका, ऊन चढलं. ढोल तापले."

"थोडं थांबा."

"देवी थांबल, ढोल थांबनार नाय. परत थंड पडतील."

मी पुन्हा ती दारांची कमांड चालवली, या वेळी डोळे उघडे ठेवून. फोल्डर नव्या जागी होतं. वाटेत कुलूप नव्हतं. पण फोल्डरवर मालकाचं नाव अजून "केरू"च होतं, आणि केरूशिवाय कुणाला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. अर्थात. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं म्हणून त्यावरचं नाव बदलत नाही. जागा बदलली, नाव तेच, कुलूप तेच. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं, आणि मी घाईत आणि रागात विसरले होते.

"नाव बदलायला हवं," मी मोठ्याने म्हटलं. "आबांच्या नावावर अडकलंय. जागा हलवून भागणार नाही, नावच बदलायला हवं."

खांबापाशी आबांचा अंगठा वळ्यांवर थांबला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

नाव बदलायचं, पण कुणाचं घालायचं? मी खात्यांची यादी काढली. केरू होता, हाक होता, मुंबई मंडळ होतं. त्या सर्व्हरची दर महिन्याची झाडलोट मी करत होते आणि त्यावर माझ्या नावाचं खातंच नव्हतं. मला त्या क्षणी कुणावर रागवावं तेही कळेना. टाइप केलेलं तर माझ्याच बोटांनी.

खातं काढलं. शमिका. मग फोल्डरचा मालक बदलायचा हुकूम दिला. तो साधा मालक देऊ शकत नाही बरं का. लिनक्समध्ये केरूलाही स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ते एकटा रूट करू शकतो, सगळ्यांच्या वरचा. मी रूट म्हणून आत गेले आणि फोल्डर, आतली फाइल, सगळं शमिकाच्या नावे केलं. जोडीच्या गटात एकटा गडी, त्याला आत जायची आणि लिहायची मोकळीक. बाकी जगाला, त्या तेलाच्या जाहिरातवाल्यासकट, काही नाही.

फोन लावायच्या आधीच सगुणाकाकूचा ठिपका हिरवा झाला.

"अगो, झालंन! हिरवं झालंन!" तिचा फोन आला तेव्हा तिच्या ओटीवर टाळ्या वाजत होत्या. "मीच दाबलंन परत. म्हटलं बघू तरी देवी कितीदा नाय म्हनत्ये."

मग पडदा भरत गेला. वरची वाडी, मधली वाडी, खोताचा माळ. मुंबईहून आलेली माणसं अंगणात उभी राहून ओ दाबत होती आणि शेजाऱ्याला दाखवत होती. ऋत्विक उठून उभा राहिला आणि ओरडला, "आलं, आलं, सगळं आलं!" एक घर राहिलं होतं. त्याचं स्वतःचं. त्याने बापाकडे पाहिलं. जानूकाकाने फोन खिशातून काढला, बराच वेळ लांब धरून बघितला आणि बटण न दाबताच ऋत्विकच्या हातात कोंबला. ऋत्विकने दाबलं. शेवटचा ठिपका हिरवा झाला.

गावकारांनी हात वर केला. "मान केरूच्या घरी."

मला वाटलं होतं मी ओरडेन, नाचेन. काहीच केलं नाही. नुसती आबांकडे बघून हसले.

गुरवाने रूपी बसवली, नारळ पुढे घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी म्हाराजा..." "व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात. पालखीचे खांदेकरी, ढोलाचे मानकरी, निशाणाचे मानकरी, एकेकाचं नाव घेत तो हाकेपाशी आला आणि थांबला. त्याने गावकारांकडे पाहिलं.

"केरूचंच नाव घे," गावकार म्हणाले. "नाव केरूचं, काम पोरगी करील. काय वायट नाय त्यात."

माना हलल्या. जानूकाकाचीही हलली. चांगलाच तोडगा होता. मीही कदाचित मान हलवली असती, सकाळी. आता माझी मान हलेना.

"नाय," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक की लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. आबा खुर्चीतून उठत होते. ऋत्विक धरायला गेला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं आणि काठी टेकत उभे राहिले. "सकाळी माज्या नावावर अडाकलं. ऐकलात ना सगल्यांनी? जागा हलवलान, तरी अडाकलं. नाव बदललंन तवा चाललं. मंग हितं माजं नाव कशाला?"

गावकारांनी घसा साफ केला. "केरू, मान तुजा हाय, पन दुसऱ्याच्या नावावर घालायचा हक्क तुजाही नाय. आनी माजाही नाय. तां देवीनं सांगायचं. सकालपासून गाव म्हनतंय, देवी नको म्हनत्ये."

"मग विचारा," मी म्हटलं. रूटला विचारल्याशिवाय मालक बदलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. "कौल लावा. समोरच विचारा."

मी कौल मानते की नाही, हे मला त्या दिवसापर्यंत नक्की सांगता आलं असतं. गुरवाने सहाणेवरच्या देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ढोल थांबले. आई बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी धरून उभी होती. मी डोळे मिटले नव्हते. उजव्या अंगाची कळी जराशी सरकली, थबकली, आणि मग सुटून खाली पडली.

गुरवाने नारळ उचलला. "हाकेक केरूची शमिका उभी हाय, तिच्या हाकेक ओ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांनी काठी माझ्या हातात दिली. खोबरेलाचा वास होता तिला. माझा खांदा दाबला, आणि मग खुर्चीत बसले, दमून, पण ताठ.

पालखी उठली. पहिलं घर जानूकाकाचं, दरवर्षीचं. कौल पडल्यावर तो कुणाशी न बोलता निघून गेला होता. घरधन्याने आपल्या दारात असायला हवं म्हणून गेला, की रागाने गेला, ते मला माहीत नव्हतं. फोनवरची ओ ऋत्विकने दिली होती. खरी ओ बापाची. ती आली नाही तर पालखी त्याच्या दारावरून पुढे जाणार, माझ्या पहिल्याच हाकेला, आणि मग फोनवरचे सगळे हिरवे ठिपके कुणाच्या ध्यानात राहणार नाहीत.

मी त्याच्या बेड्याशी पोचले. काका ओटीवर उभा होता, हात मागे बांधून, फेटा बांधलेला. मला अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस. त्याला आजवर मी कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती, मारली असती तर आईने तोंड फोडलं असतं. मागे ढोल थांबले. सगळे बघत होते.

मी काठी जमिनीवर आपटली, वळी खणखणली, आणि पोटातून हाक काढली.

"जानू बाबाजीऽऽ!"

हाक वरच्या वाडीपर्यंत गेली असावी. कुठेतरी एक कुत्रं भुंकलं. काका माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर काढली नाही. मग त्याने फेट्यावरून हात फिरवला, एक पायरी उतरून अंगणात आला आणि मान वर करून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी दिली.

"ओऽऽ!"

मी काठी वर केली, आणि पालखी त्याच्या अंगणात वळली.